वाचक विचारतात : नौदलातल्या हॉपरबाई

गेल्या अंकात एका वाचकांना बँकेच्या पासबुकाविषयी उत्तर देताना मी लिहिलं होतं की, नोकरीची सव्वीस वर्षं मी संगणकाला सूचना देण्याच्या ज्या कोबोल भाषेत काम केलं, तिच्या मुळाशी ग्रेस हॉपर या अमेरिकन नौदलातल्या बाईंची मेहनत आहे आणि त्या बाई ऐंशीच्या उंबरठ्यावर रिअर ॲडमिरल म्हणून निवृत्त झाल्या. त्या एका वाक्यावर इतकी पत्रं आली की या वेळचं सगळं सदर त्यांच्यासाठीच ठेवलं आहे.

गणिताच्या प्राध्यापक बाई नौदलात कशाला गेल्या? आणि जहाजावर त्या करत काय होत्या?
— एक वाचक, सांगली

जहाजावर नव्हत्या. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या नौदलात बायकांची भरती झाली ती ‘वेव्ह्ज’ नावाच्या राखीव दलात, आणि त्या बायकांना लढाऊ जहाजांवर पाठवत नसत. ग्रेस हॉपर यांची नेमणूक झाली ती हार्वर्ड विद्यापीठात, एका यंत्रापाशी.

पण थोडं मागे जाऊ या. त्यांचा जन्म ९ डिसेंबर १९०६ चा, न्यूयॉर्कचा, माहेरचं आडनाव मरे. लहानपणी घरातलं गजराचं घड्याळ आतून कसं चालतं ते बघायला त्यांनी ते उघडलं, परत जोडता येईना म्हणून दुसरं उघडलं, असं करत सात घड्याळं खोलली. आईने मारलं नाही. यापुढे एकच घड्याळ खोलायचं, एवढी ताकीद दिली. वडिलांचे दोन्ही पाय रक्तवाहिन्यांच्या आजाराने कापावे लागले होते. आपल्यामागे मुलींना पैसा ठेवता येईल याची खात्री नाही, तेव्हा मुलाइतकंच त्यांनाही शिकवायचं, असं त्यांचं मत होतं. ज्या काळात मुलींचं शिक्षण लग्नापुरतं असायचं, त्या काळातले हे वडील. व्हासर कॉलेजने पहिल्या वर्षी लॅटिनमध्ये कच्ची म्हणून ग्रेसना नाकारलं. पुढच्या वर्षी घेतलं. १९२८ मध्ये तिथून गणित आणि भौतिकशास्त्राची पदवी, १९३४ मध्ये येल विद्यापीठाची गणितातली डॉक्टरेट, आणि मधल्या काळातच व्हासरमध्ये शिकवायला सुरुवात.

त्यांच्या शिकवण्यातली एक गोष्ट मला फार आवडते. संभाव्यतेच्या वर्गात त्या मुलींना स्टर्लिंगच्या सूत्रावर निबंध लिहायला लावत. मुली तक्रार करायच्या की हा गणिताचा तास आहे, इंग्रजीचा नाही. त्यावर बाईंचं म्हणणं असे की गणित दुसऱ्याला समजावून सांगता येत नसेल तर ते शिकून उपयोग काय? त्यांनी पुढे जे जे केलं त्याचं बीज मला या निबंधात दिसतं. आमच्या शाळेत शिक्षिकांना ‘बाई’ म्हणायची पद्धत होती, मॅडम नंतर आल्या. म्हणून मी त्यांना मनातल्या मनात हॉपरबाईच म्हणत आले आहे, आणि इथेही तसंच म्हणणार आहे.

पर्ल हार्बरवर हल्ला झाला आणि घरातले, ओळखीतले सगळे युद्धकार्याला लागले. बाईंचे पणजोबा नौदलात ॲडमिरल होते, तेव्हा ओढा होताच. नौदलाने नाही म्हटलं. वय जास्त, वजन १०५ पौंड म्हणजे किमान मर्यादेपेक्षा १५ पौंड कमी, शिवाय गणिताची शिक्षिका आहे तिथेच देशाच्या कामाची. बाईंनी पिच्छा सोडला नाही. वजनाची सवलत मिळवली, कॉलेजकडून रजा मिळवली आणि डिसेंबर १९४३ मध्ये शपथ घेतली. प्रशिक्षणात आपल्यापेक्षा कितीतरी लहान मुलींबरोबर कवायत केली आणि तुकडीत पहिल्या आल्या.

२ जुलै १९४४ ला त्या हार्वर्डला हजर झाल्या. तिथे कमांडर हॉवर्ड एकन यांचं ‘मार्क वन’ हे सुरुवातीच्या काळातलं संगणक-यंत्र होतं. ५१ फूट लांब, ८ फूट उंच, वजन सुमारे ५ टन. सेकंदाला तीन बेरजा करायचं, एका गुणाकाराला सहा सेकंद घ्यायचं. आज हे ऐकून आपल्याला कीव येईल, पण तेव्हा तोफांचे पल्ले, सुरुंगांची गणितं हातांनी सोडवणाऱ्या माणसांना ते स्वप्नासारखं होतं. एकन यांनी स्वागत केलं ते ‘इतके दिवस होतात कुठे?’ असं खेकसून, आणि लगेच काम हातात ठेवलं. या यंत्राची ५६१ पानांची मार्गदर्शिका बाईंनी लिहिली, ती १९४६ मध्ये छापली गेली. यंत्र बनवणारे दुसरे होते. ते कसं चालवायचं हे पुढच्या माणसाला कळेल असं लिहून ठेवलं बाईंनी.

संगणकातला पहिला ‘बग’ हॉपर यांनी पकडला, असं आमच्या सरांनी सांगितलं. खरं का?
— अभियांत्रिकीचा विद्यार्थी, पुणे

अर्धं खरं. ‘बग’ म्हणजे इंग्रजीत किडा, आणि यंत्रातला किंवा प्रोग्रॅममधला दोषही. ९ सप्टेंबर १९४७ ला दुपारी पावणेचार वाजता हार्वर्डच्या ‘मार्क टू’ या यंत्रात, एफ पॅनेलच्या ७० क्रमांकाच्या रिलेत, म्हणजे विजेवर उघडझाप होणाऱ्या कळीत, एक पतंग अडकलेला सापडला. दिव्याभोवती फिरतो तो पतंग, उडवायचा नव्हे. तो नोंदवहीत चिकटपट्टीने चिकटवला गेला आणि शेजारी लिहिलं गेलं की प्रत्यक्ष किडा सापडल्याची ही पहिली वेळ. ती वही आज वॉशिंग्टनमध्ये स्मिथसोनियनच्या संग्रहालयात आहे, पतंगासकट.

पण तो शोधला यंत्र चालवणाऱ्या मंडळींनी, बाईंनी नव्हे. बाईंनी तो किस्सा जन्मभर रंगवून सांगितला, म्हणून त्यांच्या नावावर जमा झाला. ‘बग’ हा शब्दही नवा नव्हता. थॉमस एडिसनने १८७८ मधल्या पत्रात यंत्रातल्या बारीक दोषांना बग म्हटलेलं आहे. त्या नोंदीतला ‘प्रत्यक्ष’ हा शब्द बघ, म्हणजे लक्षात येईल. लिहिणाऱ्याला आधीचा अर्थ माहीत होता, म्हणून तर त्याला गंमत वाटली. सरांना हे दाखव. चांगल्या शिक्षकाला दुरुस्ती आवडते.

मी ३५ वर्षं बँकेत कारकून होतो. आमच्या खातेवह्यांचा आणि या नौदलातल्या बाईंचा संबंध काय?
— एक निवृत्त वाचक, डोंबिवली

या प्रश्नाची मी वाटच पाहत होते.

युद्ध संपल्यावर बाईंनी नियमित नौदलात घ्या म्हणून अर्ज केला. आता वय ३८, पुन्हा नकार. व्हासरने प्राध्यापकपद देऊ केलं होतं, ते त्यांनी नाकारलं. राखीव दलातलं नाव मात्र कायम ठेवलं आणि १९४९ मध्ये फिलाडेल्फियात एकर्ट-मॉकली या कंपनीत गेल्या. तिथे ‘युनिव्हॅक’ हा संगणक तयार होत होता. तेव्हा प्रोग्रॅम लिहायचा म्हणजे यंत्राला समजतील असे आकडे आणि खुणा एकामागून एक मांडायच्या. बाईंच्या मनात आलं की तयार तुकडे शोधून जोडायचं हे काम यंत्रच का करणार नाही? १९५२ मध्ये त्यांनी तसं करणारा कंपायलर बनवला. लोक म्हणाले, संगणक फक्त आकडेमोड करतो, प्रोग्रॅम कसा लिहील? कंपायलर चालू होता आणि त्याला हात लावायला कुणी तयार नव्हतं.

त्यापुढची पायरी अधिक धीट होती. हिशेबनीस, व्यवस्थापक, कोठारपाल यांना गणिती चिन्हांची भीती वाटते, त्यांना साधी वाक्यं लिहू द्या, असं बाईंचं म्हणणं. त्यातून ‘फ्लो-मॅटिक’ ही भाषा आली. वरिष्ठांना पटवायला त्यांनी एक छोटा प्रोग्रॅम इंग्रजीत दाखवला, मग तोच फ्रेंचमध्ये, मग जर्मनमध्ये. यंत्राच्या दृष्टीने शब्द हे नुसते ठसे, ते कुठल्याही भाषेतले चालतील, एवढंच त्यांना सांगायचं होतं. वरिष्ठ हबकले. फिलाडेल्फियात बनलेलं अमेरिकन यंत्र फ्रेंच कसं समजेल! इंग्रजीखेरीज काही करणार नाही हे पटवण्यात चार महिने गेले, असं बाई सांगत. मला हा प्रसंग वाचताना दर वेळी वाटतं, तिथे चौथा नमुना मराठीत चालला असता. ‘वजा’ आणि ‘बेरीज’ यांनी यंत्राचं काहीही अडलं नसतं. अडली ती माणसं.

१९५९ मध्ये पेंटागॉनमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या मुख्यालयात, बैठक होऊन सगळ्या कंपन्यांच्या यंत्रांवर चालेल अशी एक धंद्याची भाषा ठरवायचं झालं, आणि त्यातून कोबोल आली. तिला हॉपरबाईंची निर्मिती म्हणतात, ते बरोबर नाही. मसुदा सहा जणांच्या गटाने केला, त्यात जीन सॅमेट या दुसऱ्या बुद्धिमान बाई होत्या आणि त्यांना ‘कोबोलची आई’ ही हॉपरबाईंना मिळालेली पदवी खटकत असे. योग्यच होतं ते. हॉपरबाई सल्लागार होत्या. पण कोबोलचा साचा मोठ्या प्रमाणात फ्लो-मॅटिकचा आहे, हेही तितकंच खरं.

आता माझी गोष्ट. १९८२ मध्ये मी मुंबईत फोर्टमधल्या एका कार्यालयात कारकून म्हणून लागले आणि परीक्षा देऊन संगणक विभागात गेले. चपला बाहेर काढायच्या, भर मे महिन्यात स्वेटर घालून एसी खोलीत बसायचं. कोडिंग शीटवर पेन्सिलीने एकेका चौकटीत एकेक अक्षर, ८० चौकटींची ओळ. तिथून ते कार्डांवर भोकं पाडायला, म्हणजे पंचिंगला जायचं. दुसऱ्या वर्षी माझा पगाराचा प्रोग्रॅम चालला आणि निम्म्याहून जास्त लोकांचा प्रॉव्हिडंट फंड कापलाच गेला नाही. मी रात्रभर कागदांचा गठ्ठा चाळत होते. सकाळी फंड विभागातले एक वयस्कर हेडक्लार्क, ज्यांना सगळे अण्णा म्हणत, चौकशीला आले. त्यांनी संगणकाला कधी बोट लावलं नव्हतं. माझ्यासमोरचा कागद उलटा धरून, मग सुलटा करून त्यांनी मोठ्याने वाचला : ‘इफ लोन-अमाउंट ग्रेटर दॅन झीरो, सबट्रॅक्ट लोन-अमाउंट फ्रॉम पे, सबट्रॅक्ट पीएफ फ्रॉम पे.’ आणि म्हणाले, ‘पोरी, तुझं पहिलं वाक्य संपलंच नाही. कर्ज असेल त्याचाच फंड कापायला सांगितलास तू.’

एक पूर्णविराम राहिला होता. कोबोलमध्ये तेव्हा ‘इफ’ची हद्द पूर्णविरामावरच संपायची. मॅट्रिक झालेल्या, आयुष्यभर खतावण्या लिहिलेल्या माणसाला माझा प्रोग्रॅम वाचता आला आणि त्यातली चूकही दिसली. तीस वर्षांपूर्वी फिलाडेल्फियात एक बाई वरिष्ठांशी भांडत होत्या त्या नेमक्या अण्णांसाठी. मला ते त्या सकाळी ठाऊक नव्हतं. बऱ्याच वर्षांनी त्यांच्याविषयी वाचलं तेव्हा अण्णांचा आवाजच कानात आला.

आणखी एक. हॉपरबाई सांगत असत की ३१ डिसेंबर १९९९ ची मेजवानी बघेपर्यंत मला जगायचंय. त्या रात्री मी कार्यालयात होते. जागा वाचवायला आम्ही सगळ्यांनी वर्षाचे दोनच आकडे लिहून ठेवले होते, ९९ नंतर ०० आल्यावर व्याजाचं काय होईल या धास्तीने दोन वर्षं हजारो ओळी तपासल्या होत्या. त्याच कामाने मुंबई-पुण्याच्या कितीतरी मुलामुलींना कोबोलच्या जोरावर परदेश दाखवला. बारा वाजून गेले, पहिली यादी छापून आली, तारखा बरोबर होत्या. कुणीतरी बटाटेवडे आणले होते. बाई १ जानेवारी १९९२ लाच गेल्या होत्या, वयाच्या ८५ व्या वर्षी.

माझं वय ५४. मला टॅलीचा क्लास लावायचाय. मुलगा म्हणतो, आता या वयात काय करणार? तुमच्या ॲडमिरलबाईंनी अशा वेळी काय केलं असतं?
— एक वाचक, कोल्हापूर

काय केलं ते सांगते. युद्धाच्या सुरुवातीला आणि शेवटी, दोनदा ‘वय जास्त’ हे ऐकलं, ते वर आलंच आहे. १९६६ च्या ३१ डिसेंबरला, साठी झाल्यावर, राखीव दलातून कमांडर म्हणून सक्तीने निवृत्त केलं. तो आपल्या आयुष्यातला सर्वांत दुःखाचा दिवस, असं त्या म्हणत. सात महिने झाले. नौदलात प्रत्येक यंत्रावरच्या कोबोलची बोली वेगळी झाली होती, एकीकडचा प्रोग्रॅम दुसरीकडे चालेना. ऑगस्ट १९६७ मध्ये बाईंना सहा महिन्यांसाठी परत बोलावलं. ते सहा महिने, मधला थोडा खंड सोडला तर, १९ वर्षं चालले. १९७३ मध्ये कॅप्टन झाल्या. १९८३ मध्ये अमेरिकन टीव्हीवरची त्यांची मुलाखत बघून एका लोकप्रतिनिधीने पुढाकार घेतला आणि राष्ट्राध्यक्ष रेगन यांच्या विशेष नेमणुकीने त्या कमोडोर झाल्या. दोन वर्षांनी त्या हुद्द्याचंच नाव रिअर ॲडमिरल झालं. १४ ऑगस्ट १९८६ ला बॉस्टनमध्ये, १७९७ साली पाण्यात उतरलेल्या ‘कॉन्स्टिट्यूशन’ या जहाजावर निरोप समारंभ झाला. वय ७९ वर्षं ८ महिने, तेव्हाच्या नौदलातल्या सर्वांत वयस्कर सेवारत अधिकारी. आणि मग घरी बसल्या का? डिजिटल इक्विपमेंट कंपनीत सल्लागार म्हणून रुजू झाल्या.

ताई, हे वाचून तुम्हाला धीर यावा असं मला वाटतं, पण फसवायचं नाही. नौदल परत आलं कारण त्यांच्यावाचून काम अडलं होतं. तुम्ही पत्रात लिहिलंय की बचत गटाची वही गेली अकरा वर्षं तुम्ही ठेवता. म्हणजे जमाखर्च तुम्हाला येतो, वर्गातल्या विशीतल्या मुलांना तो शिकायचाय. सकाळची बॅच घ्या आणि पहिल्या दिवसापासून गटाचीच खाती टॅलीत टाकायला लागा. मुलाला ताळेबंद छापून दाखवा.

त्यांना संसार होता का?
— एक वाचक, नाशिक

१९३० मध्ये व्हिन्सेंट हॉपर या प्राध्यापकांशी लग्न झालं, १९४५ मध्ये घटस्फोट झाला, मूल नव्हतं. आडनाव त्यांनी तेच ठेवलं. युद्धानंतरची काही वर्षं वाईट गेली, दारूचं व्यसन लागलं होतं आणि एडमंड बर्कली या मित्राने त्यांना कळकळीचं पत्र लिहून सावध केलं. कंपायलरचं सगळं काम त्यानंतरचं आहे. ज्यांच्या घरात कुणी या फेऱ्यात सापडलंय, त्यांच्यासाठी मी हे मुद्दाम लिहिते आहे.

आपल्या नौदलात अशा बायका कधी आल्या?
— एक वाचक, अलिबाग

महायुद्धात रॉयल इंडियन नेव्हीची महिला शाखा होती आणि तिच्या अधिकारी कल्याणी सेन १९४५ मध्ये ब्रिटनला जाऊन आल्या होत्या. पुढे मोठा खंड. नौदलात महिला अधिकारी घ्यायला सुरुवात झाली ती १९९२ मध्ये, हॉपरबाई गेल्या त्याच वर्षी. कायम कमिशनसाठी, म्हणजे निवृत्तीपर्यंतच्या नोकरीसाठी मात्र मार्च २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा निकाल यावा लागला. गोव्याहून १० सप्टेंबर २०१७ ला ‘तारिणी’ या शिडाच्या बोटीतून सहा महिला अधिकारी निघाल्या आणि पृथ्वीप्रदक्षिणा करून २१ मे २०१८ ला गोव्यातच परतल्या. लेफ्टनंट कमांडर वर्तिका जोशी त्यांच्या प्रमुख होत्या. तारिणीवर एक सबंध सदर लिहायचं आहे, तेव्हा आज इथेच थांबते.

हॉपर व्याख्यानात तार वाटत असत, असं वाचलं. आमच्या आठवीच्या वर्गात ते करता येईल का?
— एक शिक्षिका, रत्नागिरी

जरूर करा, बाई. उपग्रहामार्फत निरोप पोचायला वेळ का लागतो, असं नौदलातले वरिष्ठ त्यांना विचारायचे. नॅनोसेकंद म्हणजे सेकंदाचा एक अब्जांश भाग, हे सांगून कुणाच्या डोळ्यांपुढे काही उभं राहीना. तेव्हा त्यांनी टेलिफोनच्या तारेचे तुकडे कापले, एकेक ११.८ इंचांचा. एका नॅनोसेकंदात प्रकाश जास्तीत जास्त एवढाच जाऊ शकतो. शेजारी त्या मायक्रोसेकंदाचं, म्हणजे हजार नॅनोसेकंदांचं वेटोळं धरत, ९८४ फुटांचं. अशी किती वेटोळी फुकट घालवता, ते बघा, असं त्या प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांना सांगत.

इलेक्ट्रिकच्या दुकानात जुनी लँडलाइनची तार किलोवर मिळते. ३० सेंटिमीटरचे तुकडे करा. ४० मुलं असतील तर १२ मीटर पुरे. टोकं बोचतात, त्यांना चिकटपट्टी लावा. मुलांना हेही सांगा की हे अंतर निर्वात जागेतल्या प्रकाशाचं आहे, प्रत्यक्ष तारेतून विजेचा संकेत थोडा कमी वेगाने जातो. एखादा हुशार मुलगा ते विचारेलच. वेटोळ्यासाठी ३०० मीटर तार आणू नका, खर्च होईल. त्याऐवजी मुलांना शाळेच्या फाटकापासून रस्त्याने ३०० मीटर चालत न्या, एकाच्या हातात तो तुकडा द्या, आणि परत वर्गात आल्यावर प्रत्येकाला अर्धं पान निबंध लिहायला लावा. त्यातले दोन-तीन मला पाठवा.